काठी मागं टाक

"सर, मी उडाल्यावर कोण धावतं?"

स्वरूपाने विचारून टाकलं आणि तिचे कान तापले. मागे छकुली आणि रोहिणी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. "सरांना विचारून दाखव, आठवडाभर आमच्या डब्यातली भाजी तुझी," असं छकुली म्हणाली होती, आणि वर टोचलंही होतं, "न्हाय विचारायची ही. हिच्या घशातनं आवाज निघंल तवा खरं."

गेल्या वर्षी ते टोचणं बरोबर बसलं असतं. गेल्या वर्षी स्वरूपा हजेरीला 'हजर' म्हणायची तेसुद्धा बाईंना पहिल्यांदा ऐकूच जायचं नाही. पण जूनमध्ये तिने पोल रोवून दोन मीटरवरची दांडी ओलांडली, वरून पहिल्यांदा बारामतीचं ते मैदान उलटं पाहिलं, आणि त्या दिवसापासून पोरीला कंठ फुटला. आता ती एसटीत खिडकीच्या जागेसाठी बाप्यांशीही भांडायची. गणिताच्या सरांना फळ्यावरची चूक दाखवायची. मग हा तर साधा प्रश्न होता.

दीपक सरांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "कोण धावतं म्हणजे?"

"म्हणजे सर, व्हिडिओत. मी वर जाते ना, त्याच्यानंतर पण पावलं वाजतात."

दीपक सर इंदापूरच्या शाळेत खेळाचे शिक्षक. शाळेला मैदान होतं, पण उडी मारून पडायला जाड गादी लागते, ती नव्हती. गादी होती बारामतीत, पोलही तिथल्याच खोलीत ठेवलेला. म्हणून दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की सर तिघींना घेऊन एसटीने बारामतीला यायचे, आणि रविवारी पुन्हा. छकुली आणि रोहिणी उंच उडीच्या. पोल व्हॉल्ट करणारी एकटी स्वरूपा. सरांनी सायकलच्या ट्यूबने मोबाइल एका तिवईला बांधलेला असायचा आणि प्रत्येक उडीचा व्हिडिओ निघायचा. तो मोबाइल एका सेकंदाचे दोनशे चाळीस तुकडे करायचा. सर बोटाने एकेक तुकडा पुढे सरकवून दाखवायचे: हितं गुडघा खाली राहिला, हितं नजर ढळली. आवाज मात्र कायम बंद. मैदानाच्या कडेच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचे, त्याचा सरांना वैताग. "चूक डोळ्यांनी बघायची असती, कानांनी न्हाय," असं म्हणायचे.

गेल्या रविवारी परतीच्या एसटीत छकुलीने सरांनी पाठवलेला व्हिडिओ इअरफोन लावून पाहिला. एक भोंगा तिच्या कानात, एक स्वरूपाच्या. आधी दोघी हसत होत्या. मग थांबल्या. मग रोहिणीने एक भोंगा हिसकून घेतला, आणि इंदापूरचा स्टँड येईपर्यंत तिघींनी तेच पुन्हा पुन्हा ऐकलं.

आता सरांनी आवाज लावला.

स्वरूपाच्या बुटांना खाली खिळे होते. मुरमाच्या धावपट्टीवर ते वाजायचे खच, खच, खच. बारा पावलं. मग पोलचं टोक पट्टीच्या शेवटी जमिनीत बसवलेल्या पत्र्याच्या खोलगट पेटीत आदळलं, ठक्क. त्या पेटीला बॉक्स म्हणतात. चित्रात स्वरूपा जमीन सोडून वर निघाली होती, पाय आभाळाकडे. आणि खाली रिकाम्या पट्टीवर आवाज आला: थप, थप, थप.

खिळ्यांचा नव्हता. अनवाणी पायांचा होता. तीन पावलं, बॉक्सच्या काठापर्यंत. तिथे ती एकदम थांबली. मग धप्प. हा स्वरूपा गादीवर पडल्याचा आवाज.

सरांनी पुन्हा लावला. पुन्हा तीन पावलं.

"एको असंल," सर म्हणाले.

"एको असता तर त्याला पण खिळं असतं की सर," छकुली म्हणाली.

सरांनी जागेवर उभं राहून मोठ्याने टाळी वाजवली. टाळी गेली ती गेलीच. चारी बाजूंनी उघडं मैदान, त्यापलीकडे ऊस. परत यायला काही भिंतच नव्हती. सरांनी मोबाइलचा आवाज बंद केला.

"माइक खराब हाय माझा. सोड ते. तुझं खरं दुखणं हितं हाय, हे बघ." त्यांनी तुकडा थांबवला. चित्रात स्वरूपाचं पोट दांडीवर आलेलं, आणि उजवा हात अजून पोलवर. मूठ गच्च. "हितं हात सुटायला पायजे. नुसता सुटायला न्हाय, पोल मागं ढकलायचा. जिकडनं आलीस तिकडं. तू काय करतीस? धरून ठेवतीस." सर तुकडे मोजत गेले. "शेहेचाळीस तुकडं उशीर. तवर पोल तुझ्यामागं येतो आन् बार पाडतो. तू बार पाडतच न्हाईस, स्वरूपा. तुझा पोल पाडतोय."

"मी सोडते की सर!"

"तुला वाटतं सोडती म्हणून." सरांनी स्क्रीन तिच्यापुढे धरली. मूठ गच्चच होती. "पोल मागं टाक. बाकी सगळं जमलंय तुला."

हे जमणं न जमणं साधं नव्हतं. दहावीचं वर्ष. तिच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, ऑगस्टमध्येच हातावर हात मारून ठरवून घेतलं होतं: नोव्हेंबरात जिल्ह्याची निवड चाचणी, तिथे अडीच मीटर. "झालं तर पुढचं पुढं. न्हाय झालं, तर पोल ठेवायचा आन् गप पुस्तक घिऊन बसायचं. परत नाव काढायचं न्हाय." स्वरूपाने मोठ्या तोऱ्यात हात मारला होता. आता दिवाळी झाली होती आणि सव्वादोनच्या वर दांडी टिकत नव्हती.

घर पळसदेवला. पूर्वी या घरात मेंढरं होती. मेंढरांमागे चाललेला शेवटचा माणूस म्हणजे तिचे आजोबा, म्हस्कू आबा. आता थोडा ऊस, थोडा मका, दोन म्हशी, आणि दादांचा टेम्पो. उजनी धरणाच्या पाण्यातली मासळी भरून ते बाजाराला न्यायचे. आबांचं काम एकच. दारासमोर बाजेवर बसून पाण्याकडे बघायचं. पाण्यावर पक्षी उतरायचे, होड्या जायच्या, आणि आबांची उजवी मूठ मांडीवर मिटलेली असायची. जेवताना उघडायची तेवढीच. झोपेतसुद्धा मिटलेली. "आबांच्या मुठीत काय हाय ते देवालाच ठावं," असं आई म्हणायची, आणि आबाही हसायचे.

सरांना विचारलं त्याच रविवारी संध्याकाळी स्वरूपा आबांच्या पायाशी बसली.

"आबा, माझी उडी बघायची?"

"दाव की."

आबांनी डाव्या हाताने मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला. नात पळताना बघून त्यांच्या मिशा हलल्या. "आगागा, काय सुटलीया." ती वर गेली तसे त्यांचे डोळे मोठे झाले. आणि मग आवाज आला. थप, थप, थप.

आबांचं हसू तिथल्या तिथे वाळलं.

"परत लाव."

तिने लावलं. आबांनी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तर त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "माझ्या काठीवरचा दोरा कुठं गेला?"

स्वरूपाने जीभ चावली. घराच्या आढ्याला, पत्र्याच्या खाली, आबांची जुनी काठी खोचलेली होती. पुरुषभर उंचीहून लांब, धुराने काळी. तिच्यावर काळ्या लोकरीचा दोरा गुंडाळलेला होता. जूनमध्ये हात घामाने पोलवरून घसरायला लागले, तेव्हा स्वरूपाने स्टुलावर चढून तो दोरा सोडवला आणि पोलवर, हात धरतो त्या जागी, करकचून गुंडाळला. पकड झकास बसली. कुणाला विचारावं असं तिला वाटलंच नव्हतं.

"पोलवर हाय, आबा."

आबा पाण्याकडे बघत बोलायला लागले. सावकाश.

"आमच्यात वढा काठीनं उडायची रीत हुती. पाण्याच्या मधोमध काठी रवायची आन् पल्याड जायाचं. काठी दोघांत एकच. मग पयला जो पल्याड गेला त्यानं काय करायचं? काठी मागं टाकायची. मागच्याला. ती मागं टाकल्याबिगर पाठ फिरवायची न्हाय, असा शिरस्ताच हुता. ल्हान पोरालाबी ठावं."

"मग?"

"माजी थोरली भन हुती. भागू. तुझ्याएवढी. मी धा वर्साचा. धरणाचं पाणी चढायलं त्या साली. गाव उठत हुतं, वर माळावर झोपड्या उभ्या ऱ्हात हुत्या, आन् आमी दोघं ऱ्हायलेली कोकरं बघायला खाली गेलो. येताना वढा बघितला तर दुप्पट झाल्याला. भागू म्हनली, म्हस्क्या, तू आदी. मी उडलो. पल्याड पडलो तर पायाखालची दरड खचली. लई भ्यालो बग. आन् तसाच पळत सुटलो. काठी मुठीत."

बाजेवर त्यांची मूठ आवळली. बोटांची पेरं पांढरी पडली.

"मागनं हाक आली. 'म्हस्क्या, काठी टाक की रं.' मी वळलो न्हाय. घरी गेल्यावर बानं इचारलं, भागू कुठं? तवा मला मुठीतली काठी दिसली. मानसं कंदील घिऊन गेली, पर तितं वढाच न्हवता आता. नुसतं पानी. न्हाय सापडली. काठीवरचा दोरा तिनं वळल्याला."

पाण्यावरून पक्ष्यांचा एक थवा उठला आणि पलीकडे जाऊन बसला. आबांनी मोबाइल स्वरूपाच्या हातात ठेवला.

"काठी मागं टाक, पोरी," ते म्हणाले.

सकाळी सर जे म्हणाले तेच. स्वरूपाने खाली बघितलं. मोबाइल तिच्या उजव्या मुठीत होता, आणि मूठ आबांसारखीच, पेरं पांढरी होईपर्यंत आवळलेली होती.

पुढच्या शनिवारी तिने मैत्रिणींना सगळं सांगितलं. रोहिणीने लगेच दप्तरातून कात्री काढली. "आण तो पोल. दोरा कापू. विषय संपला."

"न्हाय."

"अगं याडी हायस का? ती तुझ्या मागं पळतीया!"

"मागं पळती ती मला धरायला न्हाय पळत," स्वरूपा म्हणाली. हे तिला बोलता बोलताच कळलं. "काठावर येऊन थांबती बघ. माझ्याकडं काठी हाय म्हणून थांबती. आता दोरा कापला तर मी पण काठी घेऊन पळाले असंच झालं की."

छकुली नखं खात होती. "आठवडाभर काय, महिनाभर आमची भाजी तू खा. पर मला व्हिडिओ काढायला लावू नगं."

पण काढायला तीच उभी राहिली. तीन आठवडे. स्वरूपा शाळेमागच्या कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळून हात उघडायचा सराव करायची, दिवसाला शंभरदा. 'एक' म्हटलं की पकड, 'दोन' म्हटलं की ढकल. सर वहीत आकडे लिहायचे. शेहेचाळीस तुकडे. मग चाळीस. मग एकतीस. एका रविवारी बावीस. त्या बावीसला सरांनी स्वतः जाऊन सगळ्यांना भेळ आणली.

पण बावीस पुरेसे नव्हते. दांडी पडायचीच. आणि प्रत्येक उडीच्या मागे ती तीन पावलं होती. एकदा छकुली व्हिडिओ बंद करायला विसरली. स्वरूपा गादीवर पडून सरांशी बोलत होती, पोल दांडीसकट खाली पडलेला होता. तो व्हिडिओ त्यांनी परतीच्या एसटीत ऐकला. एका बाजूला गादीवर स्वरूपाचं खिदळणं. दुसऱ्या बाजूला, रिकाम्या बॉक्सपाशी, कुणीतरी धावून आल्यावर दम खातं तसा श्वास. बराच वेळ. मग पावलं हळूहळू मागे गेली, पट्टीच्या सुरुवातीला. पुन्हा पळायला.

छकुलीने इअरफोन काढून मांडीवर ठेवला. "किती वर्सं झाली गं तिला?"

"आबा धा वर्षांचे होते."

"म्हंजे रोज पळतीया?"

त्या दिवशी स्वरूपा खिडकीसाठी कुणाशी भांडली नाही.

निवड चाचणी बारामतीतच, त्याच पट्टीवर होती. दुपारचं ऊन. पंचांचं टेबल, पांढरा झेंडा, लाल झेंडा, जिल्ह्यातून आलेल्या पोरी आणि त्यांच्या आया. वारा इतका पडलेला की झेंडे फडक्यासारखे लोंबत होते. स्वरूपाने सव्वादोन काढले, पोल दांडीला लागता लागता चुकला. मग दांडी अडीचवर गेली. पहिली उडी: पाय पार, पोट पार, आणि मागून पोल आला, दांडी खाली. लाल झेंडा. दुसरी उडी: अगदी तशीच. लाल झेंडा.

सर जवळ आले. "चौदा तुकडं उशीर. एवढाच फरक, स्वरूपा. मूठ उघड."

तिला रडू यायला लागलं होतं. एक उडी राहिली होती. ती चुकली की उद्यापासून पोल नाही, बारामती नाही, ते उलटं मैदान नाही. ती पट्टीच्या सुरुवातीला जाऊन उभी राहिली. पोलवरचा काळा दोरा तळहाताखाली खरखरला. आणि मग तिने असं काही केलं जे कुठलाच खेळाडू करत नाही. ती मागे वळली. मागे कुणी नव्हतं. मुरूम, त्यावर ऊन.

"आत्याआजी," ती हळूच म्हणाली, "मी पल्याड गेले की टाकते. झेल हां."

छकुली तिवईपाशी उभी होती. तिला ऐकू गेलं. तिने व्हिडिओ सुरू केला.

स्वरूपा धावली. खच, खच, खच. या वेळी तिला स्वतःलाही ते ऐकू आलं, कानांनी, व्हिडिओशिवाय. तिच्या खिळ्यांच्या आवाजात मिसळलेला दुसरा, मऊ आवाज, पाठीला लागून. दहा. अकरा. बारा. ठक्क. जमीन सुटली. पाय वर, आभाळ खाली, मैदान उलटं. दांडी पोटाखालून सरकली. आणि तिच्या डोक्यात ना सर होते, ना तुकडे. एक पोरगी काठावर उभी होती आणि तिला काठी हवी होती. स्वरूपाने मूठ उघडली आणि पोल मागे फेकला.

ती पाठीवर पडली. वर दांडी. थरथरली, आणि राहिली. लोक ओरडायला लागले. आणि त्याच क्षणी, तिच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, गादी हळूच खाली बसली. कुणी शेजारी येऊन टेकावं तशी.

तिने मान वळवली. तिथे काही नव्हतं. गादी पुन्हा फुगून वर आली.

पांढरा झेंडा उचलला गेला. सर नाचत होते, रोहिणी शिट्ट्या मारत होती. टाळ्या वाजवत नव्हती ती एकटी छकुली.

पंचांच्या मंडपामागे सावलीत चौघांनी व्हिडिओ बघितला. या वेळी आवाज सरांनी स्वतः लावला. कुणी काही न सांगता.

हात सुटायला उशीर: तीन तुकडे. "शाब्बास," सर म्हणाले, पण ते पुढे बघत होते. स्वरूपाच्या हातातून सुटलेला पोल मागे झुकला, पडायला लागला, आणि अर्ध्यात थांबला. तिरका. हवेत. सर बोटाने तुकडे सरकवत होते. दहा तुकडे, पोल तिथेच. वीस. साठ. नव्वद. झेलल्यासारखा. मागच्या झेंड्याचं फडकं त्या सगळ्या तुकड्यांत सरळ लोंबत होतं. मग पोल आपणहून उभा झाला, टोक बॉक्समध्ये रुतलेलं, आणि पावलं आली. थप, थप, थप. या वेळी ती काठावर थांबली नाहीत. काठापुढे काहीच वाजलं नाही. पोल डाव्या अंगाला, दांडीला न लागता, अलगद आडवा झाला. आणि गादीवर, स्वरूपाच्या शेजारी, एक खळगा पडला. उथळ. बारीक चणीच्या माणसाचा.

सरांनी मोबाइल बंद करून खिशात टाकला. रुमालाने तोंड पुसलं.

"वारं होतं," ते म्हणाले.

"व्हय सर," तिघी म्हणाल्या.

घरी दादांनी शब्द पाळला. टेम्पोच्या काचेला हार घातला आणि अर्ध्या गावाला सांगत फिरले. आईने लेकीची दृष्ट काढली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर आईने एक गोष्ट बघितली आणि स्वरूपाला हाताला धरून दाखवली. आबा बाजेवर झोपले होते. उजवा हात बाजेबाहेर लोंबत होता. तळवा उघडा, बोटं सैल.

स्वरूपाला वाटलं, झालं. संपलं.

पुढच्या रविवारी ती बारामतीला गेली ती हवेत चालतच. पट्टीवर धावली, उडाली, पोल मागे टाकला. छकुलीने तिथेच मैदानात बसून कानात भोंगे घातले. "न्हाय," ती ओरडली. "न्हाय गं! मागं कोण न्हाय!" तिघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून उड्या मारल्या. सरही चोरून हसले.

मग छकुलीने हात वर केला. "थांबा."

"काय?"

"थांबा की. थप वाजतंय."

"पट्टीवर?"

"पट्टीवर न्हाय. पलीकडं. गादीच्या मागं."

स्वरूपाने भोंगा कानात घातला. तिच्या पडण्याच्या आवाजानंतर, गादीच्या मागच्या बाजूला, सावकाश पावलं वाजत होती. आता धाव नव्हती. थप... थप... उजवीकडे जायची, थांबायची. मग परत डावीकडे यायची. पुन्हा थांबायची. अनोळखी गावाच्या स्टँडवर उतरलेलं माणूस, कुठल्या अंगाला जायचं ते न कळून, चार पावलं इकडे चार पावलं तिकडे करतं तशी.

"काय हुडकतीया ती?" रोहिणी कुजबुजली.

स्वरूपा एसटीत तेच घोकत राहिली. इंदापूरला एसटी बदलल्यावर भिगवणच्या रस्त्याला ऊसतोडीच्या गाड्या लागल्या. हायवेला उतरून ती गावाकडे चालू लागली तेव्हा ऊन उतरत होतं आणि डावीकडे पाणी लांबवर चकाकत होतं. आबांनी एकदा बोटाने दाखवलं होतं: ती जाळ्याची होडी हाय ना, त्याच्या खाली आपलं जुनं घर. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर जुन्या देवळाचं शिखर दिसतं, घर कधीच नाही. ती चालता चालता थांबली.

भागू गेली तेव्हा माळावर नुसत्या झोपड्या उभ्या राहत होत्या. हे पत्र्याचं घर, हा रस्ता, हे काही तेव्हा नव्हतंच.

स्वरूपा धावतच घरी आली. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. दादा अंगणात मासळीचे क्रेट धूत होते. आबा बाजेवर.

"दादा, आई, माझं ठरलंय," ती धापा टाकत म्हणाली.

"आलं वादळ," दादा म्हणाले. "काय ठरलंय? राज्याच्या स्पर्धेला जायचं ना? जा म्हटलंय की तुला."

"ते तर जाणारच हाय. पोल मी सोडणार न्हाय, ते आता बोलायचंच न्हाय. पर उद्या मी शाळंला जाणार न्हाय."

आईने तव्यावरची भाकरी तशीच ठेवली. "का गं? बरं न्हाय का?"

"उद्या मी आबांना घेऊन बारामतीला जाणार हाय."

दादांनी पाण्याचा पाइप खाली सोडला. आई तिच्याकडे बघत राहिली, मग आबांकडे. दोघांनाही भागूची गोष्ट ठाऊक होती, पावलांचं स्वरूपाने सांगितलं होतं, आणि हे घरात कुणी बोलायचं नाही हेही ठाऊक होतं. "स्वरूपा," आई म्हणाली, "तो दोरा पाण्यात सोड आन् बास कर. गेलेल्या माणसाला असं..."

"ती गेली न्हाय, आई. ती आली. पल्याड आली, पर तितनं पुढं कुठं जायचं ते तिला ठावं न्हाय. जुनं घर पाण्याखाली, हे घर तिनं बघितल्यालं न्हाय. गादीमागं नुसती फिरतीया. मी हाक मारली तर मला वळखंल का ती? माझा आवाज तिनं कधी ऐकलाय?" तिने आबांकडे बघितलं. "तिला ठावं असल्याला माणूस एकच हाय."

आबांनी खाली पाय टाकले. उघड्या हाताने बाजेखाली चाचपून पायताण शोधलं.

"सकाळची एसटी कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"आबा, तुमी पण?" दादा म्हणाले.

"मी उडी मारीन, पोल मागं टाकीन, तशी गादीमागं येईल ती," स्वरूपा म्हणाली. "आबा गादीच्या मागं उभं राहतील आन् या वेळी तेच हाक मारतील. मग आमी तिला घेऊन घरी येणार. तुमी न्हाय म्हणू नका दादा, मी ठरवलंय." आणि मग ज्या आवाजात ती कंडक्टरशी बोलायची त्याच आवाजात तिने उरलेलं सांगून टाकलं. "आन् येताना एसटीत कितीबी गर्दी असू दे, मी उभी राहून येईन, पर आबांच्या शेजारची खिडकीची जागा मी कुणाला बसू देणार न्हाय."